याद्यांमध्ये बंदुकीची एक ओळ

(‘वाचकांचे प्रश्न’ या सदरात या महिन्यात शस्त्र परवान्यांविषयी आलेल्या पत्रांना, कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत २६ वर्षं काम केलेल्या एका निवृत्त हेडक्लार्कची उत्तरं. ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतात.)

प्रश्न : आम्ही चार पिढ्यांचे लष्करकर. मुलीचं लग्न डिसेंबरात मुरारकडच्या एका मॅरेज गार्डनमध्ये आहे. मुलगा गुणी, बंगळुरूला नोकरी करतो. घराणं भिंडकडचं, ठाकुरांचं. साखरपुड्याला त्याच्या मामांनी आमच्या गच्चीवरून बंदुकीचे तीन बार काढले. सासूबाई दिवाणावरून पडता पडता राहिल्या. यजमान म्हणतात, त्यांच्यात रीतच आहे, आपण मुलीकडचे, गप्प बसावं. पेपरात दर लग्नसराईत कलेक्टरचा बंदीचा आदेश येतो आणि दर लग्नसराईत बार उडतातच. मग हे काम नेमकं कोणाचं? कलेक्टरचं, पोलिसांचं की नगर निगमचं?
— एक आई, लष्कर

उत्तर : ताई, काम तिघांचंही आहे, म्हणूनच ते कोणाचंच होत नाही.

आधी कोणाच्या हातात काय आहे ते सांगतो. आपल्या ग्वाल्हेरला इंदूर-भोपाळसारखी पोलीस कमिशनरेट नाही. बंदुकीचा परवाना देणं आणि काढून घेणं जिल्हा दंडाधिकारी म्हणून कलेक्टरकडे. लग्नसराईतला तो बंदीचा आदेशही त्यांचाच. पूर्वी तो १४४ कलमाखाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली निघतो. आदेश पाळला जातो की नाही हे बघायचं पोलिसांनी. आणि ज्या मॅरेज गार्डनमध्ये मांडव पडणार त्याची नोंदणी, पार्किंग, आग विझवायची सोय, हे सगळं निगमकडे. आता वरात निघते रात्री दहाला. कलेक्टर त्या वेळी घरी, निगमचा माणूस घरी आणि थान्यातले दोन शिपाई सात लग्नांच्या मध्ये ट्रॅफिक हाकताहेत. आदेश कचेरीच्या फलकावर, मामा घोड्याच्या पुढे.

कायदा मात्र लेचापेचा नाही. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा, १९५९ बदलला, तेव्हा हर्ष फायरचं, म्हणजे आनंदात काढलेल्या बारांचं, नाव घेऊन त्यात कलम घातलं. लग्न, देऊळ, सभा, कुठल्याही समारंभात जिवाला धोका होईल असा बार काढला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणाला लागलंच पाहिजे अशी अट नाही. बंदूक लायसन्सची आहे हे उत्तरही चालत नाही, कारण लायसन्स जीव वाचवायला दिलेलं असतं, वराती सजवायला नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे तर सार्वजनिक जागी बंदूक परजणंसुद्धा मना आहे. तुमच्या व्याह्यांना हे कोणीतरी गोडीनं सांगायला हवं. सोबत हेही सांगा की उत्तराखंडात एका मुलाच्या बापानं स्वतःच्या मुलाच्या लग्नात छताकडे नळी करून बार काढला, छर्रे पाहुण्यांना लागले, माणसं दगावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२० साली न्यायालयानं म्हटलं, खुनाचा हेतू नव्हता हे मान्य, पण दहा वर्षं भोगा. मुलाचा बाप, लग्नातून थेट तुरुंगात.

आता यजमानांच्या ‘रीत आहे’बद्दल. आपण ज्या भागात राहतो त्याचं नावच दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या छावणीवरून पडलंय. खंडेनवमीला आपल्याही घरात तलवारीला झेंडूची माळ पडते. तेव्हा बंदूक काय ती ठाकुरांची आणि आपण वरणभाताचे, असा आव आणू नये. बोलायचं ते त्यांच्या बरोबरीनं बसून.

एक गोष्ट सांगतो, जी मी नोकरीत असताना कोणाला सांगितली नाही. १९९८ च्या हिवाळ्यात, चंबळच्या एका जिल्ह्यात, एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लगुन-टीक्याला (लग्नाआधीच्या तिलकाच्या समारंभाला) आम्ही कचेरीतले आठ-दहा जण गेलो होतो. जेवणं चालली होती. मुलाच्या काकांनी बारा बोअरची दुनाळी काढली. पहिला बार वर गेला. दुसऱ्याच्या वेळी कोणीतरी त्यांच्या दंडाला धरून नाचायला ओढलं. छर्रे पुऱ्या तळणाऱ्या पोराच्या मांडीत गेले. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. पाच मिनिटांत त्याला जीपमध्ये घालून नेलं आणि बँड पुन्हा सुरू झाला. सकाळपर्यंत पडलेले खोखे, म्हणजे काडतुसांची रिकामी टरफलं, झाडूनही टाकले होते. हलवायाला पैसे मिळाले, इस्पितळाच्या कागदावर ‘फटाक्यानं भाजला’ असं आलं. आम्ही आठ-दहा सरकारी नोकर साक्षीला होतो, एकानंही तोंड उघडलं नाही.

महिन्याभरानं तेच काका माझ्या टेबलासमोर उभे. लायसन्सच्या नूतनीकरणाला. तेव्हा दर तीन वर्षांनी यावं लागे, आता पाच वर्षांनी. पोलीस अहवाल नीट होता, ‘हरकत नाही’. असणारच, गुन्हाच नोंदवलेला नव्हता. त्यांनी मला ओळखलं, हसले, घरचं विचारलं. मी नोंद केली, फाइल साहेबांकडे पाठवली, सही होऊन आली, शिक्का मारला. शाई थोडी फिकी उठली म्हणून दुसऱ्यांदा मारला.

म्हणून तुम्हाला सांगतो, लग्नाच्या रात्री काय होईल ते आधी कागदावर काय आलंय त्यावर ठरतं. आपल्यात याद्या होतात ना? कोणी काय द्यायचं, मानपान कसा, जेवणाच्या पंगती किती, खाली दोन्हीकडच्यांच्या सह्या. त्या याद्यांमध्ये एक ओळ घाला : ‘समारंभात कोणत्याही बाजूनं शस्त्र आणलं जाणार नाही.’ कोणत्याही बाजूनं, असं लिहा, म्हणजे त्यांना टोचणार नाही. ओळ लिहायच्या आधी मुलीला सांगा, ती मुलाशी बोलेल. बंगळुरूला राहणाऱ्या मुलाला मामाचे बार किती आवडतात ते तुम्हाला कळेल. मामांना शेला-नारळ, फेटा, जो मान द्यायचा तो भरपूर द्या. निम्म्या वेळा बंदूक निघते ती मान कमी पडला म्हणून.

मग मॅरेज गार्डनवाल्याकडे जा. बुकिंगच्या पावतीवर हीच अट त्याच्याकडून लिहून घ्या आणि फाटकावर त्याचा एक माणूस मागा. कॅमेरे चालू आहेत का ते संध्याकाळी स्वतः बघा. मालक कलेक्टरच्या आदेशाला भीत नाही, पण आपल्या सहीला भितो. तीन-चार दिवस आधी थान्यात साधा अर्ज द्या : तारीख, जागा, किती पाहुणे, बंदोबस्त मिळावा. मामांचं नाव घालायची गरज नाही. पोच घ्या. टी.आय. साहेबांनी (थान्याच्या प्रमुखांनी) दोन शिपाई अर्धा तास फाटकाशी उभे केले, तरी नळ्या जीपमध्येच राहतात, हे मी कितीदा पाहिलंय.

आणि एवढं करून बार उडालाच, तर ११२ लावा. फोन मुलीच्या आईनंच केला पाहिजे असं नाही, कोणीही करू शकतो. व्हिडिओ असेल तर पोलिसांना द्या, कुटुंबाच्या ग्रुपवर नको. खोखे उचलू देऊ नका. सकाळच्या झाडूनं अर्धी प्रकरणं संपतात.

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात रिचमंडजवळ राहते. तिथली नगरपालिका म्हणे गोळीबार करणाऱ्या तरुणांना गोळी न चालवण्याचे पैसे देते. हे खरं का? आणि चंबळला असं का करत नाहीत?
— निवृत्त शिक्षक, वडोदरा

उत्तर : गुरुजी, खरं आहे, पण अर्धं. रिचमंड हे सव्वा लाखाच्या आतबाहेर वस्तीचं गाव. तिथे २००७ साली ४७ खून झाले. त्याच वर्षी नगरपालिकेनं पोलिसांपासून वेगळं, वस्तीच्या सुरक्षिततेचं एक खातं काढलं. त्यात गल्लीतलीच, स्वतः तुरुंग पाहून आलेली माणसं पगारावर घेतली. गोळीबार करणारी पोरं मूठभर असतात आणि पोलिसांना त्यांची नावंही ठाऊक असतात, पुरावा तेवढा नसतो. २०१० पासून या खात्यानं नेमक्या त्याच पोरांना हुडकून त्यांच्यामागे रोजची माणसं लावली : नोकरी, शाळा, भांडण मिटवणं, डॉक्टर. ठरवलेलं पार पाडलं तर महिन्याला हजार डॉलरपर्यंत, तेही काही महिनेच आणि ते पैसे देणगीतून. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. त्यांना सहलीला नेत, पण दुश्मन टोळीतल्या पोराबरोबर जायची तयारी असेल तरच. २०१४ साली तिथे खून ११ झाले. त्याच काळात तिथले पोलीसही बदलत होते, तेव्हा सगळं श्रेय एका खात्याला देऊ नये.

चंबळला का नाही म्हणता? आपल्याकडे हे त्यांच्या आधी झालंय. १४ एप्रिल १९७२ ला मुरैना जिल्ह्यात जौऱ्याच्या गांधी आश्रमात, जयप्रकाश नारायणांसमोर, बागींनी (चंबळच्या दरोडेखोरांनी) गांधींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या. फाशी नको, बायकामुलांचं बघा, ही बोलणी आधी झाली होती. पुढे मुंगावलीला त्यांच्यासाठी खुला तुरुंग निघाला. तेही पैशापेक्षा माणसं मागे लागल्यानं झालं.

पण आज आमच्याकडे बार काढणारा बागी नाही. तो लायसन्सवाला, इन्कमटॅक्स भरणारा, भाचीच्या लग्नात खूश असलेला मामा आहे. त्याला पैसे काय देणार? त्याच्याबाबतीत सरकारच्या हातात एकच नाडी आहे, ती म्हणजे ते लायसन्स. आणि त्या नाडीचं आमच्याकडे काय काय केलं ते ऐका. २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचं लायसन्स लवकर, अशी योजना निघाली होती. २०१९ साली ग्वाल्हेरला लायसन्स हवं तर आधी दहा झाडं लावा, जगवा आणि फोटो आणा, असा हुकूम निघाला. झाडं लागली असतील तर चांगलंच. मला झाडांबद्दल काही म्हणायचं नाही. पण ‘गेल्या लग्नसराईत तुझी बंदूक कुठे होती’ हा प्रश्न विचारायला अर्जात रकाना नव्हता, आणि माझ्या टेबलावरही नव्हता. कायदा झाला, अधिकार आहेत, परवाना रद्द करायचं सतरावं कलम आहे. उणीव आहे ती थान्यातली साधी तक्रार शस्त्र शाखेच्या फायलीला जोडण्याची. ती कोणत्याही कलेक्टरला एका पत्रानं भागवता येईल.

प्रश्न : वडील एप्रिलमध्ये ग्वाल्हेरला वारले. त्यांची लायसन्सची दुनाळी तिथल्या घरात भिंतीवरच आहे. मी एकुलती एक, इंदूरला असते. भाऊबंद म्हणतात, राहू दे, खंडेनवमीला पूजेला लागते. काय करू?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, राहू देऊ नका. लायसन्स वडिलांचं होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. दागिन्यांसारखं ते वारसाकडे आपोआप येत नाही. बिनपरवाना बंदूक घरात सापडली तर आता किमान शिक्षाच दोन वर्षांची आहे आणि भाऊबंद तेव्हा पूजेला येणार नाहीत. आधी जवळच्या थान्यात किंवा लायसन्सवाल्या शस्त्र विक्रेत्याकडे ती जमा करा. मृत्यूचा दाखला आणि मूळ लायसन्स बरोबर न्या, पावती घ्या. विक्रेता ठेवणावळ घेईल, ती द्या. ठेवायची इच्छा असेल तर वारस म्हणून स्वतःच्या नावानं अर्ज करा. नसेल तर विक्रेत्यामार्फत परवानाधारकाला विकता येते. भिंतीवरून स्वतः उतरवू नका. थान्यात फोन करा, त्यांचा माणूस येऊन नळी मोकळी आहे का ते बघेल. सहा महिने भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत काडतूस राहिलेलं मी दोनदा पाहिलंय.

पूजेचं म्हणाल तर आमच्याकडे त्या दिवशी पाटावर विळी, अडकित्ता आणि माझा जुना टाइपरायटर असतो. टाइपरायटरला माळ घालायला मोठी लागते, एवढीच अडचण.