वहीतली खाडाखोड

प्रिय बाळ,

परवा जिन्यात तू विचारलंस, "काका, लँडोचं विजेतेपद खरं धरायचं की नाही?" आणि मी काहीच न बोलता वर निघून गेलो. तुला राग आला असेल. पण उत्तर द्यायच्या आधी मला माळ्यावरून एक वही काढायची होती. ती काल सापडली, म्हणून आज लिहायला बसलोय.

तुझा खरा प्रश्न लँडोचा नाही, हे तुलाही ठाऊक आहे. ७ सप्टेंबर २०२५ ला इटलीतल्या मोंझाची फॉर्म्युला वन शर्यत संपल्यावर तूच ग्रुपवर लिहिलं होतंस की हे चुकीचं झालं, मागं पडलेली जागा अशी मागून घ्यायची नसते. लँडो नॉरिस तुझा लाडका, तरी लिहिलंस. ते वाचून मला तुझा फार अभिमान वाटला होता. मग डिसेंबरमध्ये अबू धाबीत तो जगज्जेता झाला आणि त्याच रात्री तू तो मेसेज डिलीट केलास. दुसऱ्या दिवशी समोरच्या पोरांशी भांडत होतीस की टीमचा नियम म्हणजे नियम, मोंझात काही वावगं झालंच नाही. आता तुला झोप येत नाही. येणार कशी?

मोंझात काय घडलं ते एकदा सरळ मांडू. नॉरिस दुसरा, त्याचा मॅक्लारेन टीममधलाच जोडीदार पियास्ट्री तिसरा. एरवी चाकं बदलायला पुढच्या गाडीला आधी पिटमध्ये बोलावतात, त्या दिवशी पियास्ट्रीला आधी बोलावलं. नॉरिसनं हो म्हटलं, पण तो माझ्या पुढे जाणार नसेल तरच, या अटीवर. मग नॉरिसच्या पिटस्टॉपला पुढचं डावं चाक अडलं, जवळपास ६ सेकंद गेले आणि तो पियास्ट्रीच्या मागे बाहेर आला. टीमनं पियास्ट्रीला जागा परत द्यायला सांगितलं. हळू पिटस्टॉप हा शर्यतीचाच भाग असतो असं आपलं ठरलं होतं ना, असं तो रेडिओवर म्हणाला. आणि तरीही त्यानं जागा दिली. पुढे चाललेल्या रेड बुलच्या वर्स्टाप्पेनला हे कळलं तेव्हा तो रेडिओवर हसला.

दुसऱ्या क्रमांकाला १८ गुण, तिसऱ्याला १५. फरक ३ गुणांचा. आणि वर्षाअखेर नॉरिसचे ४२३, वर्स्टाप्पेनचे ४२१. ते ३ काढले तर नॉरिस मागे.

हे गणित तू केलंस, म्हणूनच मेसेज पुसलास. मी काही तुझी उलटतपासणी घेत नाही. हेच गणित मीही केलं, रात्री ११ वाजता, कॅलेंडरच्या पाठीमागे. आता कोणी म्हणेल की मोंझात अदलाबदल झाली नसती तर पुढच्या शर्यती वेगळ्या झाल्या असत्या, अबू धाबीत नॉरिस तिसऱ्या जागेवर समाधान न मानता वेगळा चालवला असता. खरं आहे. २०२४ ला हंगेरीत त्यानं पुढे असताना पियास्ट्रीला पहिली जागा परत दिली होती, हेही खरं. अबू धाबीत रेड बुलनं आपल्या दुसऱ्या ड्रायव्हरला, त्सुनोदाला, नॉरिसच्या वाटेत उभं केलं आणि त्सुनोदाला आडवंतिडवं चालवल्याबद्दल ५ सेकंदांची शिक्षा झाली, हेही विसरू नकोस. हे सगळं लिही. सगळं लिही! पण मोंझाला तू जे पाहिलंस आणि जे तुला त्या क्षणी वाटलं, ते खोडू नकोस.

माझी वही म्हणजे साधी दोनशेपानी, पुठ्ठ्याची. १९९८ पासून प्रत्येक शर्यतीचे पहिले सहा त्यात लिहिलेत. त्यात एकाच पानावर खाडाखोड आहे. १२ मे २००२, ऑस्ट्रिया.

त्या संध्याकाळी तुझे बाबा माझ्या शेजारी बसून बघत होते. तेव्हा तू नव्हतीस. मी फेरारीच्या शूमाखरचा भक्त होतो, भक्त हा शब्द जपून वापरतोय. त्याचा टीममधला जोडीदार बॅरिकेलो पोल पोझिशनवरून, म्हणजे सगळ्यांत पुढून, निघाला आणि जवळजवळ पूर्ण शर्यत पुढे राहिला. शेवटच्या लॅपला मी वहीत शाईच्या पेनानं लिहूनही टाकलं, "१. बॅरिकेलो". डोकं वर केलं तर शेवटच्या सरळ पट्ट्यावर, रेषा समोर दिसत असताना, ती पुढची लाल गाडी हळू झाली. ब्रेक लावला असंही वाटलं नाही, फक्त तिच्यातला जीव निघून गेल्यासारखी झाली. दुसरी लाल गाडी बाजूनं सरकली. ०.१८२ सेकंदाचा फरक. पहिलं काही क्षण कोणाला कळलं नाही, आणि मग स्टँडमधून असा आवाज उठला की टीव्हीचा आवाज कमी करावा लागला. हुर्यो, शिट्ट्या, खाली वळवलेले अंगठे. पोडियमवर शूमाखरनं बॅरिकेलोला वरच्या पायरीवर ढकललं, करंडक त्याच्या हातात दिला, तरी आवाज थांबेना.

तुझे बाबा म्हणाले, "हे घाण झालं." मी म्हणालो, चॅम्पियनशिप अशीच जिंकतात. ते म्हणाले, शूमाखरचे ४४ गुण आहेत, दुसऱ्या नंबरवरच्या मोंटोयाचे २३, मे महिना चालू आहे, कशाला हवं होतं? मी आवाज चढवला. ते चहा अर्धा ठेवून उठून गेले. आणि मी पेन उचललं, बॅरिकेलोचं नाव खोडलं, वर शूमाखर लिहिलं. निकाल तोच होता म्हणून नाही खोडलं मी. आपण जे पाहिलं ते आपल्याला नको होतं, म्हणून खोडलं.

त्या वर्षी शूमाखर जुलैतच जगज्जेता झाला. शेवटी त्याचे १४४, बॅरिकेलोचे ७७. ऑस्ट्रियाचे ते ४ गुण कुठेही लागले नाहीत. दंड झाला १० लाख डॉलरचा, त्यातला निम्मा स्थगित, आणि तोही पोडियमवर पायऱ्यांची अदलाबदल केली म्हणून! टीमनं ड्रायव्हरला जागा सोडायचा आदेश देणं तेव्हा नियमात बसत होतं. २००३ पासून बंदी आली. त्या बंदीनं काय झालं, तर आदेश सांकेतिक भाषेत जायला लागले. २०१० ला हॉकेनहाइमला फेरारीचा मासा पुढे होता. बरोबर एक वर्षापूर्वी त्याच तारखेला हंगेरीत त्याच्या डोक्याला स्प्रिंग लागून तो मरता मरता वाचला होता. त्याला इंजिनिअरनं सांगितलं, फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे, निरोप समजला ना. मासानं जोडीदार फर्नांडो अलोन्सोला जागा दिली, आणि इंजिनिअरनं रेडिओवरच त्याची माफी मागितली. फेरारीला १ लाख डॉलर दंड झाला, आणि अलोन्सो शेवटी विजेतेपद ४ गुणांनी हरलाच. मासा त्यानंतर एकही शर्यत जिंकला नाही. २०११ पासून बंदीही उठली. २०१८ ला सोचीत बोटासनं जोडीदार हॅमिल्टनला जागा दिली, हॅमिल्टन ८८ गुणांनी जगज्जेता झाला, आणि बोटासचं ते वर्ष एकाही विजयाशिवाय गेलं.

आता बघ. दरवेळी लोक ओरडले आणि दरवेळी ते गुण फुकट गेले. या वेळी मात्र हिशेबात बसले. म्हणून तुला ते गिळता येत नाहीत, आणि थुंकताही येत नाहीत. एरवी आपण म्हणतो, जाऊ दे, तसाही जिंकलाच असता. या वेळी ती पळवाट नाही. मला विचारशील तर हे बरंच झालं. पळवाट असली की माणूस विचार करत नाही.

मेक्सिकोत नॉरिस ३० सेकंदांनी जिंकला आणि लोकांनी त्याची हुर्यो केली. त्या दिवशी त्याला कोणी काही दिलं नव्हतं, तो शुद्ध स्वतःच्या जोरावर जिंकला होता. तू चिडलीस ते योग्यच होतं. पण चिडण्याचं कारण चुकीचं सांगितलंस. तू म्हणालीस, मोंझात काही झालंच नाही म्हणून ही हुर्यो चूक. अगं, मोंझात झालं म्हणूनही ती चूकच! मोंझाचा आदेश नॉरिसनं दिला नव्हता, पिटवॉलवरून, म्हणजे टीम चालवणाऱ्यांकडून, आला होता. २००२ ला ऑस्ट्रियात जे ओरडले, ते त्या क्षणाला, तिथल्या तिथे ओरडले. ते प्रामाणिक होतं. सात आठवड्यांनी दुसऱ्या देशात, भलत्याच शर्यतीत माणसावर ओरडणं म्हणजे त्याची त्या दिवशीची शर्यत खोडणं. दोन्ही बाजूंना खाडाखोडच चाललीय. आणि तूही तीच करतेस, म्हणून मी एवढा तापलोय.

तुला पीटर कॉलिन्सबद्दल सांगितलंय का मी? १९५६, मोंझाच. तो २४ वर्षांचा, त्यालाही जगज्जेतेपदाची संधी होती. त्याच्याच टीममधल्या फँजिओची गाडी बिघडली होती. कॉलिन्स पिटमध्ये आला, आपल्या गाडीतून उतरला आणि ती फँजिओला दिली. त्या काळी गाडी वाटून घेता येत असे, गुणही वाटले जात. मॉस जिंकला, फँजिओ दुसरा आला आणि जगज्जेता झाला. पण त्या शर्यतीचा निकाल कुठेही काढून बघ, दुसऱ्या क्रमांकापुढे दोन नावं आहेत. कॉलिन्स आणि फँजिओ. जागा दिली तरी देणाऱ्याचं नाव कोणी खोडलं नाही. मला तो निकाल वाचताना आजही घसा दाटतो. दोन वर्षांनी न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीत कॉलिन्सचा जीव गेला, पण ते नाव तिथे आहे.

आता जे मी कोणाला सांगितलेलं नाही ते सांगतो. २००४ साली मी भोसरीच्या एका कारखान्यात सेक्शन बघत होतो. एका ट्रेनी पोरानं फिक्स्चरमधली, म्हणजे भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यातली, लोकेटिंग पिन बदलून बघितली. घरून आणलेल्या कानशीनं, जेवणाच्या सुट्टीत, तीन आठवडे घासत होता. आणि आमचं रिजेक्शन थांबलं. सूचना योजनेचा फॉर्म त्याच्या नावानं भरला होता. वरून सांगण्यात आलं की नाव दुसऱ्याचं टाका, त्याची बढती अडलीय, सेक्शनच्या भल्याचं आहे. मी फॉर्म घेतला, माझ्या पेनानं त्या पोराचं नाव खोडलं, दुसरं लिहिलं. पोरगा समोर उभा होता. म्हणाला, "चालेल साहेब." दिवाळीनंतर तो सोडून गेला.

तू म्हणशील, मग काका तुम्ही नाही का म्हणाला नाहीत? ऐक. ती बढती झाली नसती तर बाहेरचा माणूस आला असता आणि तो पहिल्या महिन्यात आमची चार कंत्राटी पोरं घरी बसवणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या चौघांतले दोघे लग्न झालेले होते. माझ्या घरीही हप्ता चालू होता. मी आदेश पाळला, आणि आज पुन्हा तीच वेळ आली तर कदाचित पुन्हा पाळेन. हे मी सफाई म्हणून सांगत नाही. किंवा सांगत असेन, एकवीस वर्षं सांगतोय स्वतःला. पण बढती त्याला मिळाली असती, फॉर्मवर दोन नावं लिहिली असती तरी मिळाली असती! दोन नावं लिहायला जागा होती त्या फॉर्मवर. मी बघितली होती ती जागा. आदेश देणाऱ्यानं खोडायला सांगितलं नव्हतं, नाव टाका म्हणाला होता. खोडलं मी.

म्हणून तुला इतकं ताणून सांगतोय. तुझ्या कॉलेजची गाडी घेऊन तुम्ही विद्यार्थ्यांच्या शर्यतीला कोइमतूरला जाल तेव्हा २२ किलोमीटरच्या एंड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीला, दोनच ड्रायव्हर बसतील, आणि कॅप्टन कोणाला तरी उतरवेल. कदाचित तुलाच उतरवेल. तू उतरशीलही, कारण गाडी सगळ्यांची आहे. उतर. नाहीतर भांड. दोन्ही चालेल मला. पण नंतर रिपोर्टमध्ये सस्पेन्शनची बैठक कोणी बसवली, कोणी रात्रभर वेल्डिंग केलं, ती नावं लिहिताना कोणाचं नाव गळलं, आणि तू "जाऊ दे, टीमसाठी" म्हणून गप्प बसलीस, तर मला सांगायला येऊ नकोस.

लँडोचं विजेतेपद खरं आहे. ४२३ आहेत त्याचे, नियमानं मिळवलेले, आनंद मान, पेढे वाट. आणि मोंझाही खरं आहे. या दोन गोष्टी एकाच पानावर मावतात. मावत नाहीत असं तुला त्या समोरच्या पोरांनी पटवलंय, आणि तू पटवून घेतलंस, याचा मला राग आहे.

माझ्या वहीत मोंझाचं पान असं आहे: "१. वर्स्टाप्पेन २. नॉरिस (जागा पियास्ट्रीनं दिली, सांगितल्यावरून) ३. पियास्ट्री." ऑस्ट्रियाच्या पानावर काल रात्री खोडलेल्या नावाखाली पुन्हा बॅरिकेलो लिहिलं. शाई वेगळी दिसते. दिसू दे. सकाळी तुझ्या बाबांना फोन करून तेही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, चहाला येतो.

रविवारी तूही ये त्यांच्याबरोबर. आणि सप्टेंबरचा तो मेसेज, जसा आठवेल तसा, तुझ्या हातानं कागदावर लिहून आण. वहीत मोंझाच्या पानाला मी पिन लावून ठेवलीय.

तुझा,
वरच्या मजल्यावरचा काका