गढी कोणाची हे नंतर, आधी आदेशाची तारीख

मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या, आता पुण्यात राहणाऱ्या एका वाचकाने पाच पानी पत्र पाठवलंय. आजोबांची देशमुखी, चार बुरुजांची गढी, निजामाच्या काळातला उर्दू मुंतखब (इनामाची सरकारी सनद), १९४८ नंतर घराण्याची उडालेली दाणादाण, सगळं आहे. गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली आणि गढीच्या मिळकत पत्रिकेवर ‘शासन’ लागलं, हे मात्र शेवटी दोन ओळींत. येळवशीला (वेळ अमावस्येच्या सणाला) गावी गेल्यावर कळलं म्हणे. बीड, धाराशिवकडूनही अशीच पत्रं येतात. इतिहास भरपूर, आदेशाची तारीख नाही.

तुमचं सगळं त्या तारखेवर आहे. चौकशी अधिकाऱ्याचा आदेश महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २०(२) खालचा असेल, तर त्याविरुद्धचा दिवाणी दावा १ वर्षाच्या आत लावावा लागतो. मुदतीत अपील केलं असेल तर हे वर्ष अपिलाच्या अंतिम निकालापासून. वर्ष उलटलं की समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने दावा फेटाळायचाच. ताब्याच्या दाव्याला असते त्या १२ वर्षांच्या मुदतीचा हिशेब इथे लावू नका.

सुटकेची वाट एकच. आदेशाची रीतसर नोटीस तुम्हाला मिळालेली नसेल, तर हे वर्ष तुमच्या आड येत नाही. म्हणून उद्याच तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी नोंदवहीचा उतारा, आदेश आणि नोटीस बजावणीची नक्कल मागा. नोटिशीवर सही कोणाची ते बघा. गावातल्या चुलतभावाने सही करून कागद देवळीत टाकला असेल, तर ती बजावणी तुम्हाला लागू होते का यावर भांडावं लागेल. आज मी होही म्हणत नाही, नाहीही.

मुंतखब इनामाचा. इनामं १९५४ च्या हैदराबादच्या कायद्याने गेली. गढीच्या जागेला त्याचा किती आधार, हे भाषांतर वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. त्याहून ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंद) आणि घरपट्टीच्या पावत्या कामाच्या होत्या. पण घरपट्टी कधी भरलीच नाही, असं तुम्हीच लिहिता. लोक घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, टाकायला गढीची पांढरी माती नेत राहिले, ग्रामपंचायतीने बुरुजाला खेटून पाण्याची टाकी उभी केली, तेव्हा एक साधा अर्जही दिला नाहीत. पुण्यात राहून ताबा कसा दाखवणार?

सरकारवर दावा म्हणजे आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची २ महिन्यांची नोटीस. मुदत तोंडावर आली असेल तर कलम ८०(२) खाली कोर्टाची परवानगी घेऊन, तातडीची मनाई मागत, दावा थेट दाखल करा. पुढे कोर्ट तारखांवर वर्षंच्या वर्षं घालवेल आणि त्याला कोणी जाब विचारणार नाही. तुमचा मात्र एकेक दिवस मोजला जाईल. बहिणी आणि आत्यांचे वारस पक्षकार हवेत. आपसातले हिस्से तूर्त राहू द्या.

नकला हाती आल्या की आदेशाचं पहिलं पान आणि बजावणीचं पान तेवढं पाठवा.