डेस्कटॉपला ‘मेज’ म्हणावं की ‘पटल’?

एका कलाविद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ती ब्राउझरमध्ये चालणारी एक कलाकृती तयार करते आहे. अ‍ॅपल कंपनीच्या १९८४च्या मॅकिन्टॉश संगणकासारखा काळा-पांढरा पडदा, त्यावर उघडणाऱ्या आणि सरकणाऱ्या खिडक्या, आणि त्या एकेक उघडत प्रेक्षकाने तिच्या आजोबांच्या कागदपत्रांपर्यंत पोचायचं. सगळी नावं मराठीत हवीत. ‘डेस्कटॉप’ला, म्हणजे संगणक सुरू केल्यावर दिसणाऱ्या मुख्य पडद्याला, ‘मेज’ चालेल का? ‘ट्रॅश’ आणि ‘फोल्डर’ला काय म्हणावं? ‘रेट्रो इंटरॅक्टिव्ह डेस्कटॉप’ हे वर्णन मराठीत कसं लिहावं?

माझं मत ‘पटल’ या शब्दाला.

‘मेज’ चुकीचा नाही. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणला, तेव्हा पडद्यावर खरोखरच अमेरिकन कचेरीतलं टेबल मांडलं होतं: कागद, फोल्डर, आलेल्या आणि जाणाऱ्या टपालाच्या ट्रे, फायलींचे खण. पण ‘मेज’ म्हटलं की मराठी माणसाला चार पायांची वस्तू दिसते. डेस्कटॉपमध्ये महत्त्व आहे ते वरच्या सपाट भागाला, जिथे कागद पसरतात.

त्या सपाट भागाला मराठीत शब्द आहे आणि तो रोजच्या बातम्यांत येतो. विधिमंडळात अहवाल ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवला जातो. म्हणजे सर्वांना दिसेल असा, टेबलावर. दुसरीकडे संगणकाच्या पडद्यालाही आपण ‘पटल’ म्हणतोच. टेबलाचा पृष्ठभाग आणि पडद्याचा पृष्ठभाग, दोन्ही अर्थ एकाच शब्दात आधीपासून नांदत आहेत. डेस्कटॉपची सगळी कल्पना तीच तर आहे!

मुळात संस्कृतात ‘पटल’ म्हणजे छप्पर, आच्छादन, डोळ्यावर येणारा पापुद्रा. ग्रंथाच्या प्रकरणालाही पटल म्हणतात. टेबल हा अर्थ नंतरचा. पण आच्छादन हा जुना अर्थही इथे किती चपखल बसतो पाहा. पडद्यावरचं ते चित्र म्हणजे आतल्या शून्य-एकच्या पसाऱ्यावर घातलेलं पांघरूणच असतं. शिवाय ‘स्मृतिपटल’ आहे. आजोबांच्या आठवणींवरच्या कलाकृतीत हा शब्द कुठेही न लिहिता नुसत्या ‘पटल’मधून ऐकू येईल, आणि ‘मेज’मधून तो कधीच ऐकू येणार नाही.

खिडकीला खिडकीच म्हणा. ‘गवाक्ष’ सुंदर आहे, पण त्यातून कोणी डोकावून रस्त्यावरच्या माणसाशी बोलत नाही. खिडकीच्या माथ्यावरच्या पट्टीला ‘शीर्षपट्टी’ म्हणतात. मला ‘पाटी’ आवडते. दारावर नावाची पाटी असते, तशी ही खिडकीवर.

‘ट्रॅश’पाशी मात्र थांबायला हवं. ‘केराची टोपली’ हा प्रतिशब्द लगेच सुचतो आणि तो अस्सलही आहे. पण ‘अर्जाला केराची टोपली दाखवली’ असं आपण म्हणतो तेव्हा तो अर्ज संपलेला असतो. डेस्कटॉपवरच्या टोपलीतली वस्तू ती रिकामी करेपर्यंत परत काढता येते. टाकवत नाही आणि वापरतही नाही अशा वस्तूंसाठी मराठी घराकडे वेगळा शब्द आहे: अडगळ. अडगळीत गेलेला पितळी दिवा दिवाळीत परत बाहेर येतो. म्हणून प्रेक्षकाने टाकलेला कागद तुमच्या कलाकृतीत परत काढता येणार असेल, तर त्या चित्राखाली ‘अडगळ’ लिहा. कायमचा जाणार असेल, तर ‘केराची टोपली’. निवड अर्थावर ठरू द्या.

असा बदल केला तर मूळ रूपाशी प्रतारणा होईल, ही भीती नको. खुद्द मॅकिन्टॉशवर अमेरिकेत ‘ट्रॅश’ होतं आणि ब्रिटिश इंग्रजीत त्याचं ‘वेस्टबास्केट’ झालं. इंग्रजीतल्या इंग्रजीत जर नाव बदलतं, तर मराठीने का संकोचावं? चित्रही बदला. त्या यंत्रावरची चित्रं सुझन केअर यांनी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत काढली होती, आणि एका चित्राला ३२ गुणिले ३२ घरं पुरत असत. अमेरिकन पत्र्याच्या पिंपाऐवजी तेवढ्याच घरांत विणलेली टोपली नीट बसते. विणीचा आडवा-उभा नमुना तर चौकटींसाठीच जन्मल्यासारखा आहे.

‘फोल्डर’साठी मला मनापासून ‘रुमाल’ सुचवायचा आहे. पुण्याच्या अभिलेखागारातलं पेशवे दप्तर पाहिलेल्यांना हा शब्द ठाऊक असेल. तिथे मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवतात आणि त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. कागद हवा तर गाठ सोडायची. त्यातून सगळी उतरंड आपोआप लागते: संपूर्ण साठा म्हणजे दप्तर, त्यात रुमाल, रुमालात कागद. ‘दप्तर’ शब्द ग्रीकमधल्या कातड्यासाठीच्या शब्दापासून अरबी-फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि शाळकरी मुलाच्या पाठीवर जाऊन बसला. आज ‘रुमाल’ म्हटलं की खिशातला आठवतो, हा आक्षेप खरा आहे. पण चित्रात गाठ मारलेलं गाठोडं दाखवलं आणि दोन टिचक्या मारल्यावर ती गाठ सुटली, तर अर्थ सांगावा लागणार नाही. (‘क्लिक’ला ‘टिचकी’ हा मराठी संकेतस्थळांनी रुळवलेला शब्द जरूर वापरा. बोटाची हालचाल आणि आवाज दोन्ही त्यात आहेत.)

आता ‘रेट्रो’. ‘जुना’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल की जुनं यंत्र आणून ठेवलंय. तुमची वस्तू नवी आहे, घडण जुनी आहे. त्याला ‘जुन्या धाटणीचं’ हा नेमका शब्दप्रयोग आहे. ‘जुन्या वळणाचं’ नको, ते माणसाच्या स्वभावाकडे झुकतं.

‘इंटरॅक्टिव्ह’साठी पाठ्यपुस्तकी शब्द ‘परस्परसंवादी’. तुमच्या कलाकृतीत संवाद कुठे आहे? प्रेक्षक पाटी धरून खिडकी ओढतो, मागची खिडकी टिचकीने पुढे आणतो, गाठ सोडतो. नुसतं ‘संवादी’ म्हणाल तर गाणाऱ्याला वादी-संवादी स्वर आठवतील. हे सगळं हाताने होतंय, म्हणून ‘हाताळायची कलाकृती’ म्हणा. पूर्ण वर्णन असं होईल: ‘जुन्या धाटणीचं, हाताळायचं संगणक-पटल’. बाहेरच्या निवेदनात कंसाशिवाय सरळ ‘डेस्कटॉप’ लिहायलाही हरकत नाही, तो शब्द मराठीत रुळला आहे. आतल्या पाट्यांवर मात्र वरचे शब्द ठेवा.

एक गोष्ट विचारलेली नाही, पण तुमच्या पाट्यांना ती लागेलच. मूळ मॅकचा पडदा ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा होता आणि पाटीची उंची रोमन अक्षरांना पुरेल एवढीच. देवनागरीत वेलांटी-मात्रा वर जातात, उकार खाली येतात. ‘टोपली’तली वेलांटी आणि ‘रुमाल’चा उकार या दोन्हींना जागा हवी. कोड लिहिण्याआधी चौकटीच्या कागदावर हे दोन शब्द काढून पाहा आणि त्यावरून पाटीची उंची ठरवा. शिरोरेघेला एकच ठिपका जाडी द्या, सलग, अक्षरांमध्ये न तोडता.