किंमत कोण मोजणार?

प्रिय पोरी,

तुमच्या पर्यावरणवाद्यांच्या गटात एकजण म्हणतो सत्तेत गेलो की संपलो, दुसरा म्हणतो सत्तेशिवाय एक झाड वाचणार नाही, आणि तुला दोघांचंही पटतं. म्हणून ‘आधी सगळं वाचते, मग बोलते’ असं तू ठरवलंयस. वाच की! पण तोंड बंद कशाला?

हा वाद तुझ्या जन्माआधीचा आहे. जर्मनीतला हरित पक्ष 1980 साली स्थापन झाला, 1983 साली संसदेत पोचला, आणि तिथेही तडजोडवाले आणि तत्त्ववाले वर्षानुवर्षं याच कारणावरून भांडले. तो तू मिटवावास अशी कोणाचीच अपेक्षा नाही. तू एवढंच विचार: किंमत कोण मोजणार?

इंधनावर कर? किंमत कोण मोजणार? कोळशाची खाण बंद? किंमत कोण मोजणार? फ्रान्समध्ये 2018 साली पिवळी जाकिटं घालून लोक इंधनकराविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. गाडीशिवाय ज्यांना कामावर पोचताच येत नाही, त्यांना आधी कोणी विचारलं होतं? शेवटी सरकारने पुढच्या वर्षीची करवाढ सोडून दिली.

याउलट जर्मनीतलंच व्हील गाव घे. 1975 साली तिथे अणुवीज प्रकल्पाची जागा लोकांनी ताब्यात घेतली. शीतक मनोऱ्यांच्या वाफेने हवा बदलेल आणि द्राक्षं जातील, ही बागायतदारांची धास्ती. विद्यार्थी त्यांच्या सोबतीला आले. त्या रानातच लोकांनी स्वतःची शाळा काढली, व्याख्यानं आणि चर्चा चालवल्या. किंमत मोजणारा तिथे स्वतः बसला होता. प्रकल्प उभा राहिलाच नाही.

आणि तुमच्या गटात? सगळे एकाच वयाचे, एकसारखं शिकलेले. खाणकामगारावर तीन बैठका झाल्या म्हणतेस. एकाला तरी बोलावलंत?

मला बैठकांत ‘खोडा’ म्हणायचे. ठराव एकमताने होत आला की माझा प्रश्न ठरलेला. त्यापायी चांगली माणसं तुटली, आणि त्यातली काही अजून आठवतात. पण मी गप्प बसलो असतो तर सगळे खुशीत घरी गेले असते, आणि ठराव कागदावरच राहिला असता. हटवादी म्हण हवं तर, मला चालेल.

पुढची बैठक खाणीतली कामाची पाळी सुटल्यावर ठेवा. पाहुण्याला आधी बोलू द्या, मध्ये आकडे फेकू नका. कोण आलं ते कळव.

तुझा काका