कॉफी उभ्यानं प्यायची की बसून?

मागच्या अंकात माझ्या युरोपातल्या एकेचाळीस दिवसांबद्दल दोन पानं छापून आली, तेव्हापासून पत्रं येतच आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते: मी सव्वीस वर्षांची, मूळची मिरजेची. पुण्यात एका लहानशा रोस्टरीत कॉफी भाजायचं काम करते. दोन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकले आणि फक्त कॉफीसाठी गेले. पॅरिसला गेले नाही, म्हणून तिथली पत्रं बाजूला ठेवली आहेत. जिथे स्वतः प्यायले तिथलंच लिहिते.

प्रश्न: मी बावीस वर्षांचा. मे महिन्यात पहिल्यांदा युरोपला जायचंय, हातात बारा दिवस. टूरवाल्यांच्या यादीत सहा देश आहेत. मला कॉफीची शहरं बघायची आहेत. कुठली घेऊ? – एक विद्यार्थी, नाशिक

तीनच घे. व्हिएन्ना, त्रिएस्ते आणि नेपल्स, याच क्रमानं. सहा देश केलेस तर सहा वेळा बॅग भरशील आणि एकाही कॅफेत दुसऱ्यांदा पाऊल पडणार नाही. कॅफे कळायला लागतो तो दुसऱ्या दिवसापासून. त्रिएस्तेत मी ज्या कोपऱ्यावरच्या बारमध्ये जायचे, तिथल्या बाईंनी तिसऱ्या सकाळी मला काही विचारलंच नाही. मी दारात दिसले आणि कप यंत्राखाली गेला. माझ्यासाठी सगळ्या प्रवासातला तो सगळ्यात आनंदाचा क्षण होता.

हीच तीन का, तर व्हिएन्नात कॉफी बसून पितात, नेपल्समध्ये उभ्यानं, आणि त्रिएस्तेत दोन्ही. त्रिएस्ते आज इटलीत आहे, पण पहिलं महायुद्ध संपेपर्यंत ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचं बंदर होतं. 1719 मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सनं ते मुक्त बंदर केलं आणि पुढे व्हिएन्नाची कॉफी याच धक्क्यावर उतरू लागली. 1857 मध्ये व्हिएन्ना ते त्रिएस्ते रेल्वे पूर्ण झाली. मी गेले तेव्हा ल्युब्लियानामार्गे थेट गाडी होती, नऊएक तास लागले. वाटेतला सेमरिंगचा घाट दिवसाउजेडी बघायला मिळतो, म्हणून रात्रीची गाडी शोधू नकोस. त्रिएस्तेहून नेपल्सला जायला मात्र मला व्हेनिसजवळ मेस्त्रेला गाडी बदलावी लागली आणि पूर्ण दिवस गेला.

व्हिसाचं थोडक्यात: ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. तुझ्या बाबतीत इटली. किमान 30 हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा एप्रिलची वाट बघू नकोस.

प्रश्न: मुलगी म्हणते, तिकडे एका कॉफीला चारशे-पाचशे रुपये पडतात. निवृत्त शिक्षकाला हे परवडायचं कसं? – एक वाचक, सोलापूर

सर, मुलीचं खरं आहे आणि नाहीही. इटलीत त्याच दुकानात त्याच कॉफीचे दोन भाव असू शकतात. काउंटरपाशी उभं राहून प्यायलात तर एस्प्रेसो साधारण सव्वा ते दीड युरोला मिळते. युरोचे शंभर रुपये धरले तर सव्वाशे-दीडशे. तीच कॉफी टेबलावर मागवली की भाव दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, मोठ्या चौकात तर त्याहूनही जास्त. व्हेनिसच्या सॅन मार्को चौकात 1720 पासून चालू असलेलं फ्लोरियान नावाचं कॅफे आहे. तिथे वादक वाजवत असतील तर संगीताचे पैसे वेगळे लागतात. हे भाव दुकानात लिहून लावलेले असतात. बसण्याआधी वाचावेत, म्हणजे मन खट्टू होत नाही.

पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून कॉफी सांगायची अशी पद्धत आहे. आपल्याकडच्या वडापावच्या दुकानात कूपन घेतो, तसंच.

व्हिएन्नात पाच-सहा युरो जातात, पण ते नुसते कॉफीचे नसतात. त्याबद्दल खाली कोल्हापूरच्या ताईंना लिहिलंय, तेही वाचा.

प्रश्न: इटलीत ‘लाटे’ मागितली तर समोर थंड दुधाचा ग्लास आला! वेटरनं मुद्दाम केलं का? आणि कॅपुचिनो तिकडे फक्त सकाळीच पितात, हे खरं का? – एक वाचक, नागपूर

मुद्दाम नाही हो. ‘लात्ते’ म्हणजे इटालियनमध्ये दूधच. तुम्ही दूध मागितलंत, त्यानं दूध दिलं. ‘काफ्फे लात्ते’ म्हणायला हवं होतं. आणि नुसतं ‘काफ्फे’ म्हटलं की एस्प्रेसो येते.

तुमच्या पत्रानं मात्र माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलात. त्रिएस्तेत इटलीतलेच पाहुणे गोंधळतात, कारण त्या गावाची कॉफीची भाषाच निराळी. तिथे एस्प्रेसोला ‘नेरो’ म्हणतात, म्हणजे काळी. ‘कापो’ म्हणजे एस्प्रेसोवर थोडं फेसाळ दूध, छोट्या कपात. ‘कापो इन बी’ म्हटलं की तेच छोट्या काचेच्या ग्लासात येतं. ‘बी’ म्हणजे ‘बिक्किएरे’, ग्लास. आणि तिथे ‘कापुच्चिनो’ मागाल तर हा छोटा कापोच हातात पडायची शक्यता जास्त. मोठा हवा असेल तर ‘काफ्फेलात्ते’ सांगायचं.

पहिल्या दिवशी मी वहीत लिहून घेतलेलं वाचून दाखवलं. शेजारी उभ्या आजोबांनी माझे उच्चार दोनदा सुधारले आणि मग स्वतःची ऑर्डर अगदी सावकाश, माझ्यासाठी दिली. कापो इन बीचा ग्लास आपल्या कटिंगच्या ग्लासाहून लहान. तळाशी गडद तपकिरी, वर येत येत बदामी, आणि काठाशी बोटभर पांढरा फेस. चमचा न घालता तीन घोटांत संपवायचा, म्हणजे प्रत्येक घोट वेगळा लागतो. मी रोज यंत्रावर दूध तापवते, तरी इतक्या कमी दुधात इतका रेशमी फेस मला अजून जमलेला नाही.

बसायचं असेल तेव्हा मी काफ्फे सान मार्कोत जायचे. 1914 साली सुरू झालेलं, आत संगमरवरी टेबलं, भिंतींवर मुखवट्यांची चित्रं, आणि त्याच जागेत पुस्तकांचं दुकान. कुणी उठ म्हणत नाही. इटलीत असूनही ती बसण्याची सवय व्हिएन्नाची आहे, हे तिथे अर्धा तास बसलं की लक्षात येतं.

कॅपुचिनोबद्दल विचारलंत ते खरं आहे. ती इटालियन माणसं सकाळीच पितात, जेवणावर सहसा नाही. दुपारी मागितली तर देतात, नाही म्हणत नाहीत. पण मी तिथे असेपर्यंत त्यांच्यासारखीच वागले आणि जेवणानंतर नेरोची सवय लागली ती लागलीच.

प्रश्न: मी एकटीनं फिरणार आहे. कॅफेत एकट्या बाईनं तास-दोन तास बसलेलं चालतं का? की सारखं काहीतरी मागवत राहावं लागतं? – एक वाचक, कोल्हापूर

ताई, व्हिएन्नाला जा आणि निर्धास्त बसा. एका कॉफीवर मी साडेतीन तास बसले आहे. बिल तुम्ही मागेपर्यंत कुणी आणून ठेवत नाही. वेटरना ‘हेर ओबर’ म्हणून हाक मारतात. ते गंभीर चेहऱ्याचे असतात, पण तो राग नव्हे.

कॉफी येते ती चांदीसारख्या लंबगोल तबकात. कपाशेजारी पाण्याचा छोटा ग्लास, आणि त्या ग्लासावर पालथा ठेवलेला चमचा. वर्तमानपत्रं लाकडी दांड्यात अडकवलेली असतात, ती दांड्यासकट उचलून टेबलावर न्यायची. मला जर्मन येत नाही, मी चित्रं बघायचे. 2011 पासून ही कॉफीहाउसची संस्कृती ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. तुमचे पाच-सहा युरो या बसण्याचे.

सुरुवातीला ‘मेलांज’ मागवा, ती आपल्या जिभेला जवळची: कॉफीत गरम दूध आणि वर फेस. मला स्वतःला ‘आइनश्पेनर’ आवडली. काचेच्या ग्लासात काळी कॉफी आणि वर घुसळलेल्या सायीचा जाड थर. नावाचा अर्थ एका घोड्याची गाडी, म्हणजे आपला टांगाच. टांगेवाले थंडीत गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात ग्लास, आणि वरच्या सायीनं कॉफी गरम राहायची, असं सांगतात. साय ढवळू नका. तिच्याखालून गरम कॉफी ओठांशी येऊ द्या.

काफे झेंट्राल 1876 चं, फार सुंदर आहे, पण बाहेर रांग असते आणि रांगेतली माणसं बघत असताना मला निवांत बसवत नाही. मी डोरोटेअरगासं नावाच्या गल्लीतल्या काफे हावेल्काला तीनदा गेले. 1939 पासूनचं, काळपट लाकूड, मंद दिवे. रात्री आठनंतर तिथे ‘बुख्टेल्न’ मिळतात: आलुबुखारच्या मुरंब्याचे गरम मऊ पाव, वर पिठीसाखर. बाहेर पाऊस होता, शेजारच्या टेबलावर सत्तरीच्या एक आजी एकट्याच पत्र लिहीत बसल्या होत्या. मीही तिथेच आईला पत्र लिहिलं, खरंखुरं, कागदावर.

प्रश्न: आपल्या देशातल्या कॉफीला तिकडे कुणी ओळखतं का? – एक वाचक, सावंतवाडी

ओळखतात, आणि मानानं. भारतीय कॉफीचा सगळ्यात मोठा खरेदीदार इटली आहे. आपल्याकडे रोबस्टा ही कॉफीची जात जास्त पिकते, आणि इटालियन मिश्रणांत, विशेषतः दक्षिणेकडच्या, तिला जागा असते. एस्प्रेसोवरची दाट साय आणि तोंडात राहणारा भारदस्तपणा तिच्यामुळे वाढतो.

पण खरी गोष्ट आहे ती मॉन्सून्ड मलबारची. शिडांच्या जहाजांच्या काळात आपल्या किनाऱ्यावरून निघालेली कॉफी महिनोन्‌महिने समुद्रावर असायची. दमट हवेनं बिया फुगायच्या, हिरवा रंग जाऊन फिकट पिवळ्या व्हायच्या, आंबटपणा उतरायचा. युरोपातल्या जिभांना त्याच चवीची सवय झाली. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला, पुढे वाफेच्या बोटी आल्या, प्रवास आखूड झाला आणि ती चव नाहीशी झाली. मग आपल्याकडे, मंगळुरूच्या बाजूला, उघड्या वाऱ्याच्या गोदामांत पावसाळ्याचे तीन-चार महिने बिया पसरून तोच परिणाम मुद्दाम साधायला लागले. आज तिला भौगोलिक मानांकन आहे.

त्रिएस्तेत एका लहान भाजणीवाल्याच्या दुकानात मागे ज्यूटची पोती रचलेली होती. एकावर ‘इंडिया’ वाचलं आणि मी थबकलेच. त्यांनी तोंड सोडून मूठ घालू दिली. फुगलेल्या, हलक्या, जुन्या कागदाच्या रंगाच्या बिया, आणि वास जुलैतल्या बंद खोलीचा. मी पुण्यात तीच बी भाजते, पण तिथे तो वास आला आणि गळा भरून आला. त्यांनी विचारलं, तो पाऊस असतो तरी कसा? माझ्या फोनवर तुमच्याच आंबोलीच्या घाटाचा व्हिडिओ होता. गाडीच्या काचेवर नुसतं पाणी, पलीकडचं काही दिसत नाही. त्यांनी तो दोनदा बघितला आणि बायकोला हाक मारून आतून बोलावलं.

प्रश्न: लिस्बनबद्दल लिहा ना! – एक वाचक, मडगाव

दोनच दिवस होते, त्यामुळे थोडंच. तिथे एस्प्रेसोला ‘बिका’ म्हणतात, उत्तरेला पोर्तोत त्याच कपाला ‘सिंबालिनो’. भरपूर दुधाची, उंच ग्लासातली हवी तर ‘गालाँव’. शियादूतल्या ‘आ ब्राझिलैरा’त 1905 पासून कॉफी मिळते आणि दारात कवी फर्नांदू पेसोआचा ब्राँझचा पुतळा खुर्चीवर बसलेला आहे. बेकरीत ‘पाँव’ ऐकू आलं की तुमचा पाव कुठून आला ते कानालाच कळतं.

प्रश्न: नेपल्सची कॉफी इतकी नावाजलेली का? आणि तिथून घरी आणायची झाली तर कुठलं भांडं आणावं? – एक वाचक, ठाणे

नेपल्समध्ये कप उकळत्या पाण्यातून काढतात. पहिल्याच दिवशी माझा ओठ पोळला. शेजारच्या माणसानं खुणेनं दाखवलं: आधी पाणी प्यायचं, म्हणजे तोंड स्वच्छ होतं, मग कपाची कड जरा निवू द्यायची. कॉफी गडद भाजलेली, दाट, दोन-तीन घोटांची. दोन मिनिटांत माणूस बाहेर. पण त्या दोन मिनिटांतही ‘काफ्फे सोस्पेसो’ची रीत सांभाळतात: एक प्यायची आणि दोनाचे पैसे द्यायचे. दुसरी कॉफी नंतर येणाऱ्या कुणा गरजूची. देणारा घेणाऱ्याला बघत नाही. मी निघायच्या दिवशी दोन ठेवून आले.

भांडं मोका आणा, शेगडीवर ठेवून कॉफी करायचं. 1933 साली बियालेत्तींनी केलेलं ते अष्टकोनी अल्युमिनियमचं. तीन कपांचं घ्या. ते कप इवलेसे, आपला एक मध्यम पेला भरतो. इंडक्शनवर अल्युमिनियमचं चालत नाही. खाली पाणी झडपेच्या खालपर्यंत, चाळणीत चिकोरी नसलेली, बारीक मिठासारखी दळलेली पूड, दाबायची नाही. आच मंद. फुरफुर सुरू झाली की लगेच उतरवा, नाहीतर कडू होते. आणि आपल्या गॅसच्या शेगडीवर ते नीट टेकत नाही, कलंडतं. भांड्यांच्या दुकानात शेगडीवर ठेवायची छोटी गोल जाळी मिळते, ती आधीच आणून ठेवा.