जुना फोन दुकानात देण्याआधी व्हॉट्सॲप हलवून घ्या

लातूरच्या ताईंनी विचारलंय की एक्स्चेंजमध्ये अँड्रॉइड देऊन आयफोन घेतेय, तर व्हॉट्सॲपवरचे वडिलांचे व्हॉइस मेसेज, फोटो आणि गाणी येतील का. दुकानदार म्हणतोय, सगळं गूगल ड्राइव्हवर आहे, जुना फोन इथंच रीसेट करून देतो. ताई, हात जोडून सांगतो, अजिबात करू देऊ नका.

अगदी हेच मला संभाजीनगरच्या एका दुकानात सांगितलं होतं. काउंटरवरच्या पोरानं आयफोन चालू करून हातात दिला, जुना रीसेट मारला. परभणीला घरी येऊन व्हॉट्सॲप उघडलं तर एकही चॅट नाही. अँड्रॉइडचं व्हॉट्सॲप बॅकअप ठेवतं गूगल ड्राइव्हवर, आयफोनचं व्हॉट्सॲप बघतं आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात. ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोन उचलतच नाही. रोज फोन विकणाऱ्याला एवढं माहीत नसावं? परत गेलो तर म्हणे सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि सर्व्हिस सेंटरनं कागद पुढं केला: डेटाची जबाबदारी ग्राहकाची. माझी आई आता नाही. "लाईट आली का रं, मोटर चालू कर" असले तिचे मेसेज होते त्यात. त्या माणसानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

शेवटी वाट सापडली ती अशी. भाच्याचा जुना अँड्रॉइड मागून घेतला, त्यात माझं गूगल खातं आणि तोच नंबर टाकून ड्राइव्हवरून चॅट परत आणले. मग आयफोन पुसून नव्यानं सेटअप लावला आणि ॲपलच्या 'मूव्ह टू आयओएस' ॲपनं व्हॉट्सॲप हलवलं. ही सोय 2022 पासून आहे, पण आयफोन नवाकोरा किंवा रीसेट केलेला लागतो आणि दोन्ही फोन समोर लागतात. मेसेज आले. व्हिडिओ मात्र गेले, कारण बॅकअपमध्ये 'व्हिडिओसह' हा पर्याय आपण चालू केला तरच ते जातात. आई गच्चीवर सांडगे घालतेय तो व्हिडिओ कायमचा गेला.

तुमचा जुना फोन अजून हातात आहे, तर हे भाचा-प्रकरण लागणारच नाही, सरळ मूव्ह टू आयओएसनं हलवा. दोन्ही फोन चार्जिंगला लावा, जुन्याचा मोबाईल डेटा बंद ठेवा, नाहीतर तो मधेच आयफोनचं वायफाय सोडतो. काम संपेपर्यंत ते ॲप स्क्रीनवर उघडंच ठेवा. आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही, तेव्हा दोन्ही फोन आधी फुल्ल करून घ्या. मी काही मोबाईलवाला नाही, स्क्रीनवरची नावं व्हर्जननुसार बदलतात, तेवढं बघून घ्या.

फोटोंचं सोपं आहे. गूगल फोटोज आयफोनवर टाका, बॅकअप झालेले सगळे दिसतात. पण व्हॉट्सॲपचा फोल्डर तिथं आपोआप बॅकअप होत नाही, तो वेगळा चालू करावा लागतो; जुना फोन आहे तोवर आजच करा. आयक्लाउडच्या फुकटच्या 5 जीबीत संसार मावत नाही, गूगलच्या 15 मध्ये थोडा तरी मावतो. आणि माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो: जागा करायची म्हणून आयफोनवर गूगल फोटोजमधून फोटो डिलीट करू नका. तो फोनच्या गॅलरीतूनही जातो, आयक्लाउड चालू असेल तर तिथूनही.

व्हॉट्सॲप हलवून देणारी कॉम्प्युटरवरची विकतची 'वन क्लिक' सॉफ्टवेअर मी तरी घेणार नाही. अनोळखी प्रोग्रामच्या हाती घरातले सगळे चॅट कशाला द्यायचे?

गाणी मूव्ह टू आयओएसमधून येत नाहीत. आमच्या सप्त्याच्या कीर्तनाची एमपी3 रेकॉर्डिंग मी आयफोनवर व्हीएलसी हे गाणी वाजवायचं ॲप टाकून आणली: त्यातलं वायफाय शेअरिंग चालू करायचं, तो पत्ता कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाकायचा आणि फायली ओढून सोडायच्या. वडिलांचे मेसेज फायली म्हणूनही जपायचे असतील तर जुन्या फोनमधला 'व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स' हा फोल्डर आधी कॉम्प्युटरवर कॉपी करा, आणि नव्या फोनवर दोन-चार मेसेज वाजवून बघितल्याशिवाय जुना फोन दुकानात नेऊ नका.