इंजेक्शन त्याला, टोमणे मला

ताई,

मी कळव्याला राहते, ऐरोलीत नोकरी करते. वय २७. लग्नाला तीन वर्षं झाली. नवरा ठाण्यातल्या एका जिममध्ये ट्रेनर आहे, स्वतः बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धांना उतरतो. दोन वर्षं 'टेस्टो' म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं घेतोय, आठवड्याला अडीचशे मिलिग्रॅमची दोन. स्पर्धांचा सीझन आला की 'डेका' हे दुसरं स्टेरॉइड आणि गोळ्या वेगळ्या. मागे त्याचा हात नीट पोचत नाही म्हणून इंजेक्शन मीच देते. औषध तेलासारखं घट्ट असतं, ते आधी वाटीतल्या गरम पाण्यात ठेवायचं हेसुद्धा त्यानेच शिकवलं. पाठभर पुळ्या आहेत, चादरीवर रक्ताचे ठिपके पडतात.

मूल होत नाही. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, डाय टाकून नळ्यांचा एक्स-रेही काढला. फार दुखलं. सगळं नॉर्मल. मग त्याची तपासणी झाली तर शुक्राणू शून्य. घरात सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातलीये. सासूबाई मला एका महाराजांकडे न्यायचं म्हणतात आणि नणंदेच्या डोहाळजेवणात मला ओटी भरू दिली नाही. तो म्हणतो, मार्चची स्पर्धा होऊ दे, मग बंद करतो, पीसीटी, म्हणजे कोर्स संपल्यावरच्या गोळ्या आणि इंजेक्शनं, घेतली की सगळं परत येतं, नाहीतर आयव्हीएफ आहेच. थांबू का? की सासूबाईंना सांगून टाकू? आणि जिममधली एकोणीस-वीस वर्षांची पोरंही त्याच्याकडूनच हे घेतात, तेही माझं मन खातं.

– कळव्याची एक

*

अगं, बाकी सगळं नंतर. पुढचं इंजेक्शन तू द्यायचं नाहीस. त्याला नीट सांग, भांडू नकोस, पण वाटी आणि सुई त्याच्या हातात दे. जिममधला कोणी मित्र टोचून देईल, हे मला माहीत आहे. तसं झालं तर निदान सिरिंज आणि सुई दर वेळी नवी हवी आणि एका बाटलीत दोघांच्या सुया जाता कामा नयेत. हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही असेच पसरतात.

आता तुझा हात त्यातून का काढायचा ते सांगते. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं होतं. पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून ते चालतं का, एवढंच बघायचं होतं. सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. अशा पुरुषांनी मग वर्षभर दुसरं कुठलंही साधन वापरलं नाही आणि सगळ्या जोडप्यांत मिळून गर्भधारणा झाली फक्त एक. तुझा नवरा आठवड्याला ५०० मिलिग्रॅम घेतोय. म्हणजे घरात दर आठवड्याला गर्भनिरोधक टोचलं जातंय, तुझ्याच हाताने, आणि महाराजांकडे जायचं तू.

हे होतं कसं, ते त्यालाही समजावून सांगता येईल इतकं सोपं आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडते. त्यांच्या इशाऱ्यावर वृषणं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू तयार करतात. बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आलं की हा इशाराच थांबतो. घोडबंदर रोडच्या सोसायटीत टँकरने टाकी भरली की पंप बंद पडून राहावा, तसं. रक्तात हार्मोन ओसंडून वाहतंय, पण शुक्राणू तयार व्हायला ते वृषणाच्या आत लागतं, आणि तिथे रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं. आतलं उत्पादन बंद झालं की शुक्राणू बंद, आणि कालांतराने वृषणं आकारानेही लहान होतात. बाहेरून दंड फुगलेले दिसतात म्हणून घरात कुणाच्या डोक्यातच येत नाही की अडचण त्याच्याकडे असेल.

मार्चपर्यंत थांबू नकोस. औषध थांबलं की बहुतेकांचं उत्पादन परत सुरू होतं, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्ष, काहींना दोन. काहींचं पूर्ण भरून येतच नाही. जितकी वर्षं घेतलं आणि जितकी औषधं एकात एक मिसळली, तितका वेळ वाढतो. 'डेका' म्हणजे नॅन्ड्रोलोन तर शरीरात फार काळ रेंगाळतं. शिवाय एक शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास जातात, म्हणजे हार्मोन्स रुळावर आल्यावरही रिपोर्ट लगेच सुधारत नाही. तो म्हणतो त्या पीसीटीतली काही औषधं डॉक्टरही वापरतात. फरक इतकाच की डॉक्टर रिपोर्ट बघून देतात आणि पुन्हा तपासतात. जिममधल्या कट्ट्यावर ठरलेल्या डोसची खात्री कोण देणार?

आयव्हीएफचं तर मला हसूच आलं, रागाने. त्यालाही शुक्राणू लागतातच. ते नसतील तर वृषणातून काढायचा प्रयत्न करतात, पण कारखानाच बंद असताना तिथेही हाताला काही लागेल याचा भरवसा नाही. हार्मोनची इंजेक्शनं पोटात कुणी घ्यायची? तू. स्त्रीबीजं काढताना भूल कुणी घ्यायची? तू. लाखात जाणारा खर्च दोघांचा. त्याने औषध बंद करायला पैसा लागत नाही. तुझं वय २७ आहे, तुझे रिपोर्ट चांगले आहेत, तुम्हाला वर्षभर वाट बघणं परवडतं. फक्त ती वाट औषध बंद झाल्याच्या दिवसापासून मोजायची.

डॉक्टर कोण? एंडोक्रायनोलॉजिस्ट म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, नाहीतर पुरुष वंध्यत्व बघणारे युरोलॉजिस्ट. खासगीत परवडत नसेल तर तुमच्या कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, तिथल्या ओपीडीत जाऊन विचारा. जाताना त्याने काय काय घेतलं, किती, केव्हापासून, हे कागदावर लिहून न्या, गोळ्यांची रिकामी पाकिटंही न्या. लपवलं तर डॉक्टर भलत्याच वाटेने शोधत बसतील. सध्या इंजेक्शन चालू आहे, त्यामुळे बहुधा टेस्टोस्टेरॉन भरपूर आणि एलएच-एफएसएच जवळजवळ नाहीच असं चित्र दिसेल, जाणकाराला ते चटकन ओळखू येतं. बंद केल्यावर उलट होईल: टेस्टोस्टेरॉनही खाली जाईल. अशा वेळी एखादा डॉक्टर 'कमी आहे' म्हणून पुन्हा टेस्टोस्टेरॉनच लिहून देऊ शकतो. म्हणून आत शिरल्या शिरल्या सांगायचं, आम्हाला मूल हवंय.

त्याच वेळी बीपी, लिपिड प्रोफाइल, लिव्हर, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. याचा मुलाशी संबंध नाही, त्याच्या जिवाशी आहे. या औषधांनी चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, वाईट वाढतं, रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड होते. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांपैकी बऱ्याच यकृताला त्रास देतात. डेन्मार्कमध्ये जिममधल्या डोपिंग चाचण्यांत सापडलेल्या पुरुषांचा बरीच वर्षं मागोवा घेतला गेला. त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट निघालं. 'आपण लिमिटमध्ये घेतो' असं तो म्हणेलच. जिममध्ये प्रत्येकाचं लिमिट असतं आणि ते दर सीझनला थोडं वर सरकतं.

बंद केल्यानंतरचे काही महिने कठीण जातील, ते आधीच माहीत असू दे. थकवा येईल, इच्छा कमी होईल, आरशात बघून तो खचेल. शरीर हेच त्याचं भांडवल आहे, क्लायंट तेच बघून येतात, हे मी नाकारत नाही. याच काळात अनेकजण पुन्हा सुईकडे वळतात. काहींना खोल नैराश्य येतं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही येतात. तसं काही बोलला तर 'नाटकं करतोय' असं समजू नकोस. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर दोघांच्या फोनमध्ये ठेव. आणि त्याच्या रागाबद्दल तू पत्रात चकार शब्द लिहिला नाहीस. नसेल तर उत्तम. हात उगारत असेल तर मात्र १८१ ही महिला हेल्पलाइन लाव, आणि त्याला हार्मोनचं निमित्त लावू नकोस.

आता सासूबाई. त्यांना बहुधा वाटतं की लेक दूधपावडर खातो आणि व्यायाम करतो. शून्याचा रिपोर्ट त्यांना तू दाखवायचा नाही. तो ज्याचा, त्याने बोलावं. पण स्वतःच्या रिपोर्टबद्दल बोलायला तुला कुणाची शपथ आडवी येत नाही. फाइल काढ, टेबलावर ठेव आणि सांग: "आई, माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणतात माझ्यात काही दोष नाही. पुढचं आता ह्यांच्याकडे बघतायत. महाराजांकडे मी येणार नाही." एवढंच. पुढे विचारलं तर "ह्यांनाच विचारा". हे तू बोलणार आहेस, याची कल्पना नवऱ्याला आदल्या दिवशी दे. आईने विचारायच्या आत स्वतः सांगायची संधी त्याला मिळायला हवी. ओटीचं मी विसरलेले नाही. तुला बाजूला बसवलं तेव्हा तो तिथेच होता ना? खरं माहीत असून गप्प बसला, हे त्याला एकदा तोंडावर विचार. मला या सगळ्यात इंजेक्शनपेक्षा तेच जास्त लागलं.

राहिली जिममधली पोरं. त्या वयात शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन भरात असतं, ते बंद पाडून बाहेरचं घालणं म्हणजे शुद्ध नुकसान. हल्ली त्यात मेफेंटरमाइनही शिरलंय. ऑपरेशनच्या वेळी भुलीमुळे उतरलेलं बीपी वर आणायचं ते इंजेक्शन पोरं वर्कआउटआधी टोचून घेतात. ही औषधं चिठ्ठीशिवाय मिळायची नाहीत आणि परवान्याशिवाय विकणं हा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली गुन्हा आहे. तुझ्या नवऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो, हे त्याला स्पष्ट सांग. पोरांना देणं त्याने आज बंद करायचं, त्याला मार्चची मुदत नाही. घरात साठा असेल तर तो तुझ्या कपाटात, माळ्यावर, कुठेच राहू देऊ नकोस. आणि सांगूनही त्याने देणं चालूच ठेवलं, तर अन्न व औषध प्रशासनाच्या ठाण्यातल्या कार्यालयात तक्रार करता येते. नाव गुप्त ठेवा, अशी विनंती अर्जातच लिहायची.